अण्णा कुणाच्या दारी जात नाहीत

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहालाच अण्णांनी तालमीच्या दारात लोखंडी खुर्ची टाकली, बिस्किटाचा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. डब्यात खेळाडूंचे फॉर्म होते. पंधरा सह्या झालेल्यांच्या प्रती आणि एक कोरा.

"यासीन आला?" मी विचारलं.

"येईल की."

"कधी?"

"पाय हाईत त्याला."

बोलणं तिथंच संपलं. अण्णांशी बोलणं असंच संपायचं. मी आत जाऊन मारुतीला हात जोडले, भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. त्या खुर्चीशेजारी बसून बसून माझीही कंबर धरली होती.

अण्णा म्हणजे रंगराव इंगवले, आमच्या सोनबा तालमीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीत मारुती असतो, मोहरमला पीराचा पंजा बसतो आणि हंगाम सुरू झाला की तालमीची टीम स्टेडियमवर उतरते. टीम हरली की त्या रात्री पेठेत कुणी धड जेवत नाही. दर वर्षी हंगामाआधी तीन दिवस नोंदणी असते. प्रत्येक खेळाडूनं स्वतः फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात जाऊन कुठल्यातरी टीमच्या फॉर्मवर सही करायची. एकदा सही केली की वर्षभर तो त्या टीमचा झाला.

त्या तीन दिवसांत बाकीचे मॅनेजर घरोघर फिरायचे. पोरांच्या आयांच्या हातचं खायचे, बापांना तंबाखू मळून द्यायचे, कुणाला नोकरी लावतो म्हणायचे. आमचे अण्णा खुर्ची टाकून बसायचे. "पोरगं आपल्या पायानं तालमीत आलं पायजे," हा त्यांचा नियम. "हातापाया पडून आणलेलं पोरगं मैदानात पळत न्हाई."

पोरांना घडवावं तर अण्णांनीच. पहाटे साडेपाचला मैदानावर उभे असायचे. पोराचा पाय बॉलवर कसा पडतो हे लांबून नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं झालं, चार लोक त्याचं नाव घ्यायला लागले, की ते आमच्या हातून गेलंच म्हणून समजा. आधीच्या हंगामात नवरंग मंडळानं आम्हाला दोन गोलांनी हरवलं. दोन्ही गोल मारणारी पोरं अण्णांच्या हाताखाली शिकलेली. अण्णा मैदानाबाहेर उभे होते. दुसऱ्या गोलाला हळूच म्हणाले, "पाय बराबर टाकला." मला हसावं की रडावं कळेना.

त्या वर्षी तर पहिल्या दोन दिवसांतच आमचा गोलकीपर उदय पोवार आणि बॅक रघू चौगुले नवरंगमध्ये सही करून मोकळे झाले होते. चांगल्यांपैकी राहिला होता एक यासीन शिकलगार. डाव्या पायाचा, डाव्या बाजूनं पळणारा, अंगानं काडी. तो गेला तर आमची टीम वरिष्ठ गटातून खाली जाणार, हे पेठेतल्या भाजीवालीलाही कळत होतं. बेचाळीस वर्षं आम्ही त्या गटात होतो.

आता माझ्याविषयी. मी सर्जेराव अतिग्रे, तेव्हा तालमीचा सेक्रेटरी. वय तेहतीस आणि डावा गुडघा सत्तरीचा. पेठेत माझी एक गोष्ट सांगितली जायची. एकवीस वर्षांचा असताना मी मुंबईच्या एका कंपनीच्या टीमची निवड चाचणी देऊन आलो होतो. टीममध्ये घेतलं की कायमची नोकरी, असा तिथला शिरस्ता. पण सर्जेरावानं तालमीसाठी मुंबईवर पाणी सोडलं, आणि पुढच्याच हंगामात मॅचमध्ये त्याचा गुडघा मोडला. ही ती गोष्ट. तिच्या जिवावर मला पेठेतल्या पतसंस्थेत कारकुनी मिळाली, वर्धापनदिनाला पहिला हार मिळायचा, आणि सासऱ्यांनी मुलगी दिली तीही "माणूस शब्दाचा आहे" म्हणून. पानाच्या टपरीवर नवा माणूस आला की कुणीतरी माझ्याकडे बोट करून ती गोष्ट सांगायचंच. मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

दुपारी अडीचपर्यंत यासीन आला नाही. अण्णा जेवायला घरी गेले नव्हते. मी औषध आणायला जातो असं सांगून उठलो आणि तडक शिकलगार गल्लीत गेलो.

यासीन खाटेवर बसून जुन्या बुटांच्या नाड्या ओवत होता. डाव्या बुटाची पुढची शिवण उसवून बोट जाईल एवढी फट पडली होती. खाटेखाली नव्या बुटांचा खोका होता. दोरी तशीच बांधलेली.

"नवरंगवाल्यांनी दिला?"

"व्हय."

"उघडला न्हाईस?"

"अजून न्हाई."

त्याची आई, खातूनभाभी, दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही आलासा. अण्णा न्हाईत आले?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या मागं गल्लीत बघितलं.

"त्यांना काम हाय, भाभी."

"खुर्चीवर बसायचं काम," यासीन म्हणाला. मग त्यानं नाड्या बाजूला ठेवल्या. "दादा, नवरंगवाले तीनदा येऊन गेले. त्यांचे अध्यक्ष ह्याच खाटेवर बसले. अम्मीच्या हातची खीर खाल्ली. म्हणाले, यासीन, तुझ्याबिगर आमची टीम हुत न्हाई. अण्णांकडं मी आठ वर्षं झाली खेळतोय. एकदा तरी म्हणालेत, बरा खेळलास म्हणून?"

"त्यांचा स्वभाव तसा हाय."

"असू दे की! मला काय हार नको. एकदा हितं यावं. आत नको बसू दे. उंबऱ्यावर उभं ऱ्हावं आणि म्हणावं, यासीन, तू पायजेस. कोऱ्या फारमावर सही करतो. नवरंगनं काय देऊ केलंय ते विचारतसुदिक न्हाई."

"आणि न्हाई आले तर?"

त्यानं नवा खोका टाचेनं आत सारला. "दादा, जिथं आपली गरज न्हाई तिथं किती दिस उभं ऱ्हायचं? चारपर्यंत वाट बघतो. मग ते गाडी घेऊन येणार हाईत. सहाला ऑफिस बंद हुतंय."

"घेऊन येतो अण्णांना," मी म्हणालो. खातूनभाभींनी लगेच खाटेवरची चादर झटकली आणि नीट अंथरली.

परत तालमीपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. माझ्या पायानं वीस मिनिटं लागली. अण्णा होते तसेच होते, फक्त खुर्ची उन्हातून सावलीत सरकली होती.

"औषध मिळालं?" त्यांनी विचारलं.

"यासीनकडं गेलतो."

अण्णांचा चेहरा कडक झाला. "कुणी सांगितलं हुतं?"

"कुणी न्हाई. अण्णा, उठा. फक्त त्याच्या दारापर्यंत चला. काय द्यायचं न्हाई, काय कबूल करायचं न्हाई. तू पायजेस, एवढं एक म्हणायचं. त्याची आई खाटेवर चादर घालून बसलीया."

"मी कुणाच्या दारी जात न्हाई."

"का पण? एवढं कसलं मोठेपण तुमचं?" माझा आवाज चढला. बारा वर्षांत मी त्यांच्यापुढं पहिल्यांदाच ओरडलो. "पोरं जात्यात, तालीम बुडत्या, आणि तुम्ही खुर्चीला चिकटून! पेठ काय म्हणत्या ठाऊक हाय? म्हातारा स्वतःच्या ताठ्यापायी टीम मारणार."

अण्णांनी डबा उघडला, कोरा फॉर्म काढला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकदा गेलतो मी एकाच्या घरी."

"कुणाच्या?"

"तुझ्या."



"बस," ते म्हणाले. मी पायरीवर बसलो. "तुझं मुंबईचं ठरलं असं कळलं, आणि माझं डोकं फिरलं. टोपी हातात घेऊन तुझ्या घरी आलो. तुझी आई चुलीपुढं हुती, तिच्यादेखत तुला म्हणालो, सर्ज्या, माझ्यासाठी थांब. तू थांबलास. बिचारा एका शब्दानं थांबलास. आणि पुढल्या वर्षी तुला मैदानावरनं उचलून आणला, तवा तुझा पाय माझ्या हातात हुता. पाय कसला, नुसतं लोंबत हुतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मुंबईला असतास तर आज कंपनीचं क्वार्टर असतं. पोरंबाळं शिकली असती. तुझ्या आईनं मरेस्तोवर मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं. त्या दिशी ठरवलं. कुणाच्या दारी जाऊन थांब म्हणायचं न्हाई. ज्याला चांगलं मिळतंय त्यानं जावं. ऱ्हायलाच तर त्याच्या मनानं ऱ्हावा. माझ्या शब्दाखातर न्हाई."

मी घड्याळाकडं बघितलं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

मला आज सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते घड्याळ. कारण अण्णांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

मुंबईच्या कंपनीनं मला घेतलंच नव्हतं.

चाचणी देऊन आलो तेव्हा पेठेत मीच सांगत सुटलो होतो, काम झालंच म्हणून समजा. पंधरा दिवसांनी पत्र आलं. दोन ओळींचं. आपली निवड होऊ शकली नाही, कळावे. ते पत्र मी शर्टाच्या खिशात घालून दुपारभर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. पेठेला तोंड कसं दाखवायचं ते कळेना. संध्याकाळी घरी आलो तर पाठोपाठ अण्णा आले, टोपी हातात धरून. सर्ज्या, माझ्यासाठी थांब. बुडत्याला कुणी वर ओढावं तसं मला झालं. पत्र खिशात असताना मी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणालो, "तुमच्यासाठी थांबतो, अण्णा." वाटलं होतं, आठवडाभर चर्चा होईल आणि लोक विसरतील. पण पेठ विसरली नाही. मग गुडघा मोडला, आणि ते खोटं इतकं मोठं झालं की त्याला हात लावायची मला भीती वाटायला लागली.

एवढ्या वर्षांत मी समजत होतो की ते माझ्यापुरतं आहे. कुणाचं काही बिघडवत नाही. त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा दिसलं की उदय, रघू आणि त्यांच्या आधी गेलेली सगळी पोरं माझ्या त्या दोन ओळींच्या पत्रापायी गेली होती. पेठ ज्याला म्हाताऱ्याचा ताठा म्हणत होती ते माझंच पाप होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. अण्णा, मला मुंबईनं नाकारलं होतं. एवढंच. ते उठले असते. मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित कानाखाली मारली असती, पण उठले असते. शिकलगार गल्ली दहा मिनिटांवर होती.

मी तोंड उघडलं. मग सासरे डोळ्यांपुढं आले, पतसंस्था आली, पानाची टपरी आली. आणि माझी बायको. तिला त्या गोष्टीचा माझ्याहून जास्त अभिमान होता.

"तुमची काय चूक न्हाई, अण्णा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

चारचे ठोके पडले. आम्ही दोघंही मोजत बसलो.

सव्वाचार-साडेचारच्या सुमारास बुलेटचा आवाज आला. नवरंगचा एक माणूस चालवत होता, मागं यासीन. पायात जुनेच बूट, नवा खोका काखेत. तालमीसमोर त्यानं गाडी थांबवायला लावली आणि उतरला. रस्ता ओलांडून चालत आला आणि अण्णांच्या पुढ्यात उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ना, आपल्या पायानं आलं पायजे. आलोय. आता तुम्ही म्हणा. ऱ्हा म्हणा. गाडी माघारी लावून देतो."

 पोरानं सगळा मानापमान गिळून हे केलं होतं. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर होता. झाकण अर्धं उघडलंही. कोरा फॉर्म वरच होता, मला दिसत होता.

मग अण्णांनी मान वळवली आणि माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

मला ती नजर कळली. तरी मी बसून राहिलो.

"डाव्या पायाचा बूट फाटलाय तुझा," अण्णा यासीनला म्हणाले. "तो नवा घाल. आणि बॉल आला की लगीच मारू नको, एकदा मान वर करून बघ. घाई करतोस."

"अण्णा..."

"जा बाळा. ऑफिस बंद हुईल."

 यासीननं वाकून तालमीच्या पायरीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि गेला. अण्णा सहापर्यंत खुर्चीवर बसून होते. सहाला त्यांनी कोरा फॉर्म चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खुर्ची आत घेतली.

त्या हंगामात आम्ही खालच्या गटात गेलो. शेवटची मॅच नवरंगशीच होती. यासीननं गोल मारला, आणि मारण्याआधी मान वर करून बघितलं. पेठेतल्या पोरांनी त्या संध्याकाळी अण्णांच्या दारापुढं फटाके वाजवून त्यांची टर उडवली. पुढच्या वर्षी तालमीनं त्यांना मॅनेजरपदावरून काढलं. ठरावावर सेक्रेटरी म्हणून माझीच सही आहे.

यासीनचं मात्र भलं झालं. दोन वर्षांत त्याला पुण्याच्या एका कारखान्याच्या टीमनं नोकरीसकट नेलं. ते ऐकून अण्णा म्हणाले होते, "बघ. बरं झालं सोडला." त्यांना तेवढाच एक आधार होता आणि तोही मला धडपणे ऐकवत नव्हता.

मी अण्णांना खरं सांगितलं ते त्यानंतर सव्वीस वर्षांनी. बायको जाऊन वर्ष झालं होतं, सासरे तर केव्हाच गेले होते, टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. ज्यांच्यापुढं लाज वाटावी असं कुणी उरलंच नव्हतं. एवढं झाल्यावर मला धीर आला. माणूस किती भित्रा असू शकतो ते मी स्वतःवरून सांगतो.

अण्णा अंथरुणाला खिळले होते. मी ते पत्र घेऊन गेलो. ते मी का जपून ठेवलं होतं मलाही ठाऊक नाही. चष्मा लावूनही त्यांना वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवलं. मग त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी वाचलं.

अण्णा वर आढ्याकडं बघत पडले होते.  मग त्यांनी अंगावरच्या शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि बोटं दुमडून मोजायला लागले.

"गोलीला उदय," ते म्हणाले. "बॅकला रघू. त्याच्या जोडीला दोघं मोरे भाऊ, आणि त्यो घाऱ्या डोळ्यांचा अत्तार. हाफला सुतारांचा पांडू, कामत्यांचा शेखर आणि त्यो शेजारचा, काय त्याचं नाव..."

"अनिल जाधव."

"अनिल. उजवीकडं भोस्क्यांचा बबन. मधी जयसिंग. आणि डावीकडं यासीन." दोन्ही हातांची बोटं संपली होती, म्हणून यासीनला त्यांनी शालीवर बोट टेकवून मोजलं. "अकरा झाले, सगळे सोडून गेलेले. सर्ज्या, ही टीम कुणाला हारली असती रं?"

"कुणाला न्हाई, अण्णा."

खाली गल्लीत पोरं खेळत होती. बॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. ते ऐकत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, थुंकावं, असं मला मनापासून वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिशी मी तुला सगळं सांगितलं, तवा किती वाजलं हुतं?"

"चारला वीस मिनिटं कमी."

त्यांनी डोळे मिटले.

"मग वेळ हुता की," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले.